हवामानाच्या इशाऱ्याची भाषा : श्रीवर्धन आणि 'निसर्ग' चक्रीवादळ

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याचा किनारा ओलांडून भूमीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर असून झोत १३० किलोमीटरपर्यंत पोचत होते. या वादळाचे भाकीत चुकले, असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. ३१ मे रोजी लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्यापासून भारतीय हवामान विभागाने त्याचा मागोवा घेतला. ते कोठे व केव्हा किनाऱ्यास लागेल, हे आदल्या दिवशीच्या पत्रकांतून पुरेशा अचूकपणे सांगितले. होड्या बंदरात बोलावून घेण्यात आल्या, किनाऱ्यावरील माणसे हलविण्यात आली आणि वादळाच्या जोराच्या मानाने प्राणहानी अल्प झाली. मार्गातील चूक किती किलोमीटर व वेळेतील चूक किती तास, हीच जर इशाऱ्याची मोजपट्टी असेल, तर 'निसर्ग'चा इशारा यशस्वी इशाऱ्यांत गणावा लागेल.

तथापि त्याच दुपारी श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी मुके झाले आणि पुढे कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. इशारा अचूक होता, आणि तरीही या पुढच्या आठवड्यांची कल्पना त्या इशाऱ्यातून येण्यासारखी नव्हती. या दोन विधानांत विसंगती नाही. वादळ आणि माणूस यांच्या मध्ये जे उभे असते ते एक लिखित असते : काही वाक्यांचे, काही कोष्टकांचे, अलीकडे काही रंगांचेही. हे लिखित केवळ लिखित म्हणून तपासण्याचे काम फारसे कोणी अंगावर घेतलेले दिसत नाही. हवामानशास्त्राच्या अभ्यासकास ते शास्त्राबाहेरचे वाटते. भाषेच्या अभ्यासकास त्यात वाङ्मय आढळत नाही. श्रीवर्धनच्या ओटीवर बसून ते वाचले असता काय दिसते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम स्थलनिर्देश घ्यावा. वादळापूर्वीच्या पत्रकांत ते हरिहरेश्वर व दमण यांच्या दरम्यान आणि अलिबागच्या जवळपास किनारा ओलांडील, अशी शब्दयोजना होती. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यातच आहे. म्हणजे तालुक्याचा उल्लेख झाला होता. परंतु तो एका लांबलचक रेषेचे दक्षिण टोक म्हणून. वाचणाऱ्याची दृष्टी रेषेच्या टोकावर ठरत नाही, ती आतल्या बाजूस जाते, आणि या रेषेच्या आत मुंबई होती. वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने मुंबईवरील संकटाचीच चर्चा अधिक केली, यात नवल नाही. पुढे 'अलिबागजवळ' या शब्दांनी रेषेचा बिंदू झाला. बिंदू अधिक नेमका खरा. पण चक्रीवादळ बिंदूत मावत नाही. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे पुढे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगास फिरण्याचा वेग व सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या अंगास वजाबाकी. 'निसर्ग' ईशान्येच्या रोखाने आले आणि कोकणचा किनारा साधारणपणे दक्षिणोत्तर आहे. म्हणून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या खाडीपलीकडील मंडणगड-दापोली हा सारा प्रदेश त्याच्या उजव्या अंगास आला, व समुद्रावरून थेट जमिनीत घुसणारे वारे त्याच्या वाट्यास आले. केंद्राच्या उत्तरेस राहिलेल्या मुंबईस तुलनेने सौम्य बाजू मिळाली, तीही याच कारणाने.

हे हवामानशास्त्राचे प्राथमिक ज्ञान आहे आणि पत्रक लिहिणाऱ्यास ते पूर्णपणे अवगत असते. परंतु वाऱ्याच्या इशाऱ्यात रायगड, मुंबई, ठाणे व पालघर हे चारही जिल्हे एकाच वेगाच्या आकड्यास बांधलेले होते. वादळ ज्या ठिकाणी किनाऱ्यास लागेल त्याच्या दक्षिणेकडील गावांनी अधिक जपावे, असे एक वाक्य त्या आकड्याशेजारी असते तर श्रीवर्धनला आपली जागा कळली असती. जिल्हा हा महसुलाचा विभाग आहे. वारा त्या विभागणीस मान देत नाही. पण पत्रकाचे व्याकरण महसुली आहे.

दुसरे स्थळ हानीच्या वर्णनाचे, आणि विवेचनास सर्वांत अधिक वाव तेथेच आहे. हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून वादळाच्या पायऱ्या पाडतो व प्रत्येक पायरीस संभाव्य हानीचे एक ठरीव वर्णन जोडतो. ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वेगाचे वादळ 'तीव्र' समजले जाते. त्याच्या वर्णनात शाकारलेल्या झोपड्यांची मोठी हानी, सुटे पत्रे उडणे, वीज व दळणवळणाच्या तारांची किरकोळ हानी, रस्त्याकडेचे मोठे वृक्ष उन्मळणे, केळी व पपई यांचे मध्यम नुकसान, बांध व मिठागरे यांस इजा, अशा नोंदी येतात. बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या सुमारे चौपट वादळे होतात, आणि भारतातील वादळाच्या इशाऱ्यांची परंपराही १८६४ च्या कलकत्त्याच्या प्रलयकारी वादळानंतर आकारास आली. या वर्णनावर पूर्व किनाऱ्याच्या अनुभवाची छाया पडलेली आहे, असे मानण्यास हरकत नाही. तो अनुभव खोटा नव्हे. तो दुसऱ्या किनाऱ्याचा आहे, इतकेच.

श्रीवर्धनचा माणूस या वर्णनात स्वतःला शोधू लागला तर त्यास काय सापडेल? त्याचे घर शाकारलेले नाही, चिऱ्याचे व कौलारू आहे. पपईवर त्याचा संसार चालत नाही. त्याचे सर्वस्व पोफळ. येथील रोठा सुपारी दूरवर नावाजलेली आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे आणि विद्यापीठाने प्रसारित केलेल्या जातीचे नावही 'श्रीवर्धनी'. पोफळीचे खोड एकेरी व सडपातळ, मुळे तंतुमय व उथळ. लावल्यापासून फळ धरण्यास सहा-सात वर्षे जातात आणि भर येण्यास त्याहून अधिक. ती दाटीने लावलेली असते. शिवाय वाडी गावाबाहेर नसते. घर वाडीत असते, पाखाडी दोन वाड्यांच्या गडग्यांमधून जाते, विजेची तार झाडांमधून ओढलेली असते. यास्तव पोफळ पडते ती नुसती पडत नाही; ती घरावर, तारेवर आणि वाटेवर पडते. तारांची हानी 'किरकोळ' होईल, हे विधान झाडांपासून अंतर राखून गेलेल्या तारांस लागू पडेल. श्रीवर्धनात झाड, तार, वाट आणि छप्पर ही चार नुकसाने नव्हेत, एकाच आघाताची ती चार अंगे आहेत. कोष्टकाने त्यांस चार रकान्यांत टाकले, की त्यांचा परस्परसंबंधच नाहीसा होतो. आणि वादळानंतरच्या आठवड्यांचे सारे दुःख त्या संबंधात होते. तार तुटली म्हणून विहिरीवरचा पंप थांबला, पंप थांबला म्हणून पाणी नाही. वाट बंद म्हणून वायरमन पोचत नाही.

इशारा मिळाला तरी पोफळ उचलून घरात ठेवता येत नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु घरातील साठवणीची सुपारी कौलांखालून हलविता येते. विहिरीवर राहाट-पोहरा सिद्ध ठेवता येतो. औषधे, रॉकेल, धान्य व हाताशी रोख रक्कम यांची तजवीज करता येते. करवती व कोयते पाखाडीच्या तोंडाशी ठेवता येतात. दोन दिवसांच्या अवधीत हे सहज होण्यासारखे होते. मात्र त्यासाठी, वीज बराच काळ येणार नाही असे धरून चाला, एवढे वाक्य कोणीतरी लिहावयास हवे होते. वाऱ्याच्या वेगापासून हे वाक्य काढणे म्हणजे एका शास्त्रातून दुसऱ्या व्यवहारात उतरणे होय, आणि नेमकी तीच पायरी पत्रकात गाळलेली असते.

तिसरे स्थळ समुद्राचे. सखल किनाऱ्यावर खगोलीय भरतीहून एक ते दोन मीटर अधिक पाणी चढेल, असा इशारा रायगडसाठी होता. मराठीत उतरताना अशा विधानाचे पुष्कळदा 'एक ते दोन मीटर उंचीच्या लाटा' असे होते. हा अर्थाचा नुसता अपभ्रंश नव्हे, विपर्यास आहे. जूनमधील दोन मीटरच्या लाटेचे जीवना बंदरातील कोळ्यास अप्रूप ते काय? लाट येते व जाते. वादळाने चढविलेले पाणी चढून राहते, आणि लाटा त्याच्या पाठीवर बसून येतात. या कल्पनेसाठी मराठीस शब्द उसना आणावा लागत नाही. 'उधाण' हा शब्द किनाऱ्यावर घरोघरी आहे. 'वादळाचे उधाण' म्हटले असते तर भाषांतराची अडचणच उरली नसती.

शिवाय चढलेले पाणी किती घातक, हे ते भरतीवर चढते की ओहोटीवर यावर अवलंबून असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची सुमाराची वेळ निघते, हा कोळीवाड्यातील जुना हिशेब होय. २ जून २०२० रोजी निर्जला एकादशी होती, ५ जूनला वटपौर्णिमा, आणि ३ जूनच्या सकाळीच त्रयोदशी लागली. तेराची पाऊणपट पावणेदहा. अर्थात वादळ किनाऱ्यास लागले तेव्हा पौर्णिमेच्या जवळची मोठी भरती होऊन पाणी उतरणीस लागले होते. हेच वादळ तीन-चार तास आधी येते, तर त्याचे पाणी त्या भरतीच्या माथ्यावर चढते. श्रीवर्धन त्या दिवशी समुद्रापासून जितके वाचले त्यात या तासांचा वाटा आहे. पत्रकातील 'दुपार' व पंचांगातील 'त्रयोदशी' यांची गाठ घालून देणारे एक वाक्य असते, तर ते प्रत्येक ओटीवर उलगडले असते. कारण ते समजण्याचे शिक्षण तेथे पूर्वीच झालेले आहे.

रंगांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोष एका दृष्टिक्षेपात दिसतो. चक्रीवादळाच्या टप्प्यांत 'अलर्ट' पिवळा, 'वॉर्निंग' नारिंगी आणि वादळ भूमीवर आल्यानंतर काय होईल यासंबंधीचा अंदाज तांबडा. जिल्हावार इशाऱ्यांत मात्र 'वॉच' पिवळा, 'अलर्ट' नारिंगी व 'वॉर्निंग' तांबडी. एकाच कार्यालयाचा एकच शब्द दोन रंगांत वावरतो. मराठी वृत्तपत्रांनी यावर सोपा तोडगा काढला : यलो, ऑरेंज व रेड असे तीनही 'अलर्ट'च करून टाकले. शब्द गेला, रंग उरला. सूचना, इशारा व ताकीद अशी चढती भाजणी ज्या भाषेत तयार आहे, तिच्यात हे व्हावे हे विलक्षण आहे. पावसाच्या पत्रकातील 'तुरळक ठिकाणी' या शब्दांचेही असेच. त्यांचा अर्थ, पर्जन्यमापनाच्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, असा आहे. ऐकणारा मात्र तो 'थोड्या गावांत, बहुधा इथे नाही' असा घेतो. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार' ही श्रेणी देशभर एकच असल्यामुळे जुलैमधील कोकणात ती निम्मी निष्प्रभ होते.

या दोषांचे मूळ अज्ञानात नाही, शिक्षणाच्या रचनेत आहे. या प्रदेशास हवामानशास्त्राची परंपरा थोडीथोडकी नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिचे चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागेस हलविले गेले. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले व पुढे दिल्लीस गेले, तरी प्रशिक्षणाचे केंद्र पुणेच राहिले. १९६२ मध्ये पी. आर. पिशारोटी यांच्या संचालकत्वाखाली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली, आणि त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने कुलाब्यास आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहून तेथे संगणक आला. तेव्हापासून साधनांचा विकास अखंड चालू आहे : उपग्रह, कुलाबा व वेरावली येथील डॉपलर रडार, पुण्याचा 'प्रत्यूष' महासंगणक, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली दोन हजार कोटी रुपयांची 'मिशन मौसम' योजना, आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली सहा किलोमीटर चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टीम'. सहा किलोमीटरच्या चौकटीत श्रीवर्धन व हरिहरेश्वर निराळ्या घरांत पडतात. यंत्रास आता ही दोन गावे वेगळी ओळखता येतात. वाक्यास अद्यापि 'रायगड' एवढेच म्हणता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज उपलब्ध झाले हे खरे, पण तेथेही गावापर्यंत पोचतो तो आकडा : इतके तापमान, इतका पाऊस, इतका वारा. त्या आकड्याचे गावात काय होणार, हा मजकूर रिकामाच राहतो.

हवामान कसे असेल याऐवजी हवामान काय करील हे सांगावे, असा पुरस्कार जागतिक हवामान संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शिका काढून केला, आणि भारतीय विभागानेही ती दिशा स्वीकारली आहे. प्रश्न तत्त्वाचा राहिलेला नाही. मूळ पत्रक इंग्रजीत सिद्ध होते व मराठी हा त्याचा शेवटचा उतारा असतो, हा प्रश्न आहे. भाकीतकारास दाब, आर्द्रता, उपग्रहचित्रे व संगणकीय प्रतिमाने वाचावयास शिकविले जाते; वाडी वाचावयास शिकविले जात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो व तो हलका नाही. इशाऱ्याची भाषा ठरीव असते ती मुद्दाम. बंदर, विमानतळ, जिल्हाधिकारी व आकाशवाणी यांस एकाच शब्दातून एकच अर्थ मिळाला पाहिजे. गावोगावचे वर्णन सुरू झाले की निश्चितपणाचा आभास वाढेल. वीज पंधरवडाभर येणार नाही असे लिहिले आणि ती तिसऱ्या दिवशी आली, तर पुढील इशाऱ्यावरील विश्वास उडेल. या आक्षेपातील दुसरा भाग विशेष विचारार्ह आहे. पण त्याचे उत्तर ठरीवपणा सोडण्यात नाही. ठरीव मजकूर तालुक्यापरत्वे आधीच तयार ठेवण्यात आहे. वाऱ्याचा अमुक वेग श्रीवर्धनात काय करतो, हे 'निसर्ग'ने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' समुद्रातूनच उत्तरेकडे निघून गेले, तेव्हा श्रीवर्धनकरांजवळ तुलनेस ती आठवण तरी होती. बागाईतदार, कोळी, वायरमन व तलाठी यांच्या तोंडून ती उतरवून घेऊन प्रत्येक पायरीस श्रीवर्धनचे वर्णन जोडणे, हे पुण्यातील प्रशिक्षणार्थ्याच्या एका सत्राचे काम आहे. पोफळ हे नाव त्या कोष्टकात घालण्यास महासंगणक लागत नाही.

या कामी कर्तव्याची विभागणीही आड येते, हे नमूद केले पाहिजे. वारा किती वाहील हे हवामान विभागाने सांगावयाचे, लोकांनी काय करावयाचे हे जिल्हा प्रशासनाने. दोन्ही कार्यालये आपापले वाक्य बिनचूक लिहितात. 'म्हणून' हे उभयान्वयी अव्यय मात्र कोणाच्याच अखत्यारीत येत नाही.

११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' आले तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता आणि कोकणातील अनेक होड्या खोल समुद्रात सापडल्या. त्या वेळी प्रश्न इशारा पोचविण्याचा होता. २०१९ मध्ये उपग्रहावरून थेट होडीत संदेश देणारे 'जेमिनी' यंत्र निघाले ते त्या प्रश्नाचे उत्तर. २०२० चा प्रश्न त्याहून निराळा : इशारा पोचला, पण संदेशवहनच वादळात कोसळल्यावर पुढे काय? बंदरांवर बावटे लावण्याची जी जुनी पद्धती आहे तिने हा प्रश्न केव्हाच विचारात घेतलेला दिसतो. दिवसा शंकू व नळकांडी, रात्री दिवे, अशा खुणांनी एक ते अकरा क्रमांकांचे बावटे दाखविले जातात. पहिले दहा वादळाचे अंतर, दिशा व जोर सांगतात. अकराव्या बावट्याचा अर्थ असा की, वादळाचा इशारा देणाऱ्या कार्यालयाशी असलेला संपर्क तुटला आहे. ३ जूनच्या संध्याकाळी श्रीवर्धन या अकराव्या क्रमांकाखाली होते, आणि पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांत त्याला कोठेही जागा ठेवलेली नव्हती.